दर्द नाही, कळ

बीरगांव, रायपूर
८ जून २०२५

चि. दीक्षा हिस बाबाचा जयभीम आणि आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस, मग मला काही सुचत नाही, म्हणून लिहून राहिलो. तुझा भाऊ यशदीप म्हणाला, तू दिल्लीची ती लीडरशिप फेलोशिप नाकारणार. आधी लीडरशिप हा शब्द ऐकून मी धास्तावलोच. वाटलं, पोट्टी आता आपल्या पुढारी शालिग्राम भैयासारखी हार घालून पाऱ्यात गल्लोगल्ली मतं मागणार. मग त्यानं समजावलं, मुरलेल्या डॉक्टरांना वर्षभर शिकवतात, की रोग वेळेवर ओळखावा आणि पुढे होऊन आपल्या दवाखान्याची रीत सुधारावी. मग काहून नाही म्हणतेस? स्वतःच्या आईला वाचवलं नाही, लोकांना काय शिकवू, असं म्हणालीस म्हणे.

आई दवाखान्यात काय बोलली, ते तू विचारलंस. गर्दी फार होती, उन्हानं घाम सगळ्यांनाच होता. नव्या डॉक्टरनं विचारलं, दर्द है क्या. तुझी आई, कलावती, आपल्या हिंदीत म्हणाली, दर्द नहीं, कळ आती है. तो हसून मान हलवत म्हणाला, हव, कल आना. ऑटोत ती त्याचं कौतुकच करत होती, की पोट्टा ऐकून तरी घेतो. सकाळी ती उठली नाही.

उद्यापर्यंत थांबणं चालत असेल ना? तू डॉक्टर, तूच सांग.

कळावे. जीव लावतेस तसा लावत राहा.
तुझा बाबा, मारोती

पुणे
१७ जून २०२५

आदरणीय बाबांना सविनय जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. बाबा, त्या डॉक्टरला कळ हा शब्दच ठाऊक नाही. त्यानं कल ऐकलं. दुखत नाही, उद्या येते, असं आई म्हणाली, असं त्याला वाटलं. आपल्या घरात दुखणं वेगळं, कळ वेगळी. त्याच्या बोलीत ळच नाही.

मनातल्या मनात मी त्याला किती शिव्या दिल्या! आता राग कुणावर धरू?

मी दिल्लीला जाते. रोग्यानं सांगितलेलं डॉक्टरनं आधी त्यालाच परत सांगून दाखवायचं, एवढी एक रीत मला लावायची आहे. यशदीप चिडवतो, एवढ्यासाठी वर्ष? मी म्हटलं, डॉक्टरांना गप्प बसवून ऐकायला लावायचं तर वर्ष कमीच.

गोळ्या चुकवू नका. माया आहे तशी राहू द्या.
तुमची दीक्षा

बीरगांव
२ जुलै २०२५

चि. दीक्षा हिस जयभीम आणि आशीर्वाद.

जातेस, बरं झालं. स्वेटर आताच घे, तिथली थंडी वाईट म्हणतात.

मी त्या दवाखान्यात गेलो होतो. भांडाल म्हणून यशदीप नको म्हणत होता. भांडलो नाही. डॉक्टरनं मला ओळखलं नाही, तसंच विचारलं, दर्द है क्या. मी छातीवर मूठ आवळून दाखवली, म्हटलं, याला आम्ही कळ म्हणतो. तो इतका घाबरला की मलाच झोपवून तारा लावल्या. मला काही झालं नव्हतं. कलावतीचं सांगणार होतो, पण तो कळ हा शब्द घोकू लागला. जीभ वळेना, कड, कड म्हणायचा. मग माझ्यानं सांगवलं नाही.

पत्र संपवताना आजवर जो शब्द लिहीत आलो, त्याची पहिली दोन अक्षरं तिच्या त्या कळेचीच निघाली. त्यापुढे हात जात नाही. तेवढं तू मनानं पुरं करून घे.

तुझा बाबा