ओळख पटल्याशिवाय प्रवेश नाही

३ जून, सकाळी ७.१०
लेकीने काल माझ्या मोबाइलवर वाचनालयाचा ज्येष्ठांचा चॅट ग्रुप टाकून दिला. म्हणाली, आई गेल्यापासून तुम्ही भिंतींवर खेकसता, आता माणसांवर तरी खेकसा. मी खेकसतो? खेकसत नाही, हे तिला अर्धा तास ओरडून सांगितलं.

४ जून
ग्रुपचे नियम वाचले. खरं नाव सांगायचं नाही. पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख काही नाही. टोपणनावाने बोलायचं. ग्रुप आहे की चोरांचा अड्डा? चौतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर काढली. ओळखपत्र नव्हतं म्हणून खुद्द मॅनेजरला उन्हात उभं केलं. (मागच्या गेटवर बदली झाली ती दुसऱ्या कारणाने.) नाव घेतलं, गेटमन. संकल्प: फक्त पाळत. गप्पा नाहीत.

५ जून, ९.३०
‘सुई’ नावाच्या बाईशी तासभर गप्पा. निव्वळ चौकशी म्हणून. जन्म शिवणकामात गेला म्हणते. परीक्षा घेतली: माझ्या शर्टाचं दुसरंच बटण का तुटतं? म्हणाली, पोटामुळे तुटतं ते चौथं. दुसरं तुटतं म्हणजे तुम्ही रागारागाने शर्ट ओढून काढता. एवढं हिला कसं ठाऊक? दाट संशय.

११ जून
तपास चालू. सोयीसाठी चहाही नऊलाच घेतो. सुई आज नऊ वाजून पाच मिनिटांनी आली. कुठे होतात, म्हणून खडसावलं. दूध उतू गेलं म्हणे. पुरावा मागितला. तिने करपलेल्या पातेल्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, साहेब, आरोपी हजर आहे. पातेलं खरं वाटलं. बाईबद्दल अजून खात्री नाही.

१५ जून
डोकं फिरलं. कुणालाच शिस्त नाही. सगळ्यांना नोटीस दिली: पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि आजचं वर्तमानपत्र हातात धरून काढलेला फोटो चोवीस तासांत मला पाठवा.

१६ जून
एकही फोटो नाही. सगळे लबाड! दुपारी ग्रंथपाल बाईंची सूचना आली: अशी माहिती मागणाऱ्यापासून सावध राहा. शंभर टक्के बरोबर. मी लगेच अंगठा दिला. संध्याकाळी लेक म्हणाली, बाबा, ती सूचना तुमच्याबद्दलच आहे. हल्लीच्या पिढीला वाचता येत नाही.

१७ जून, ९.००
माझं लिहिणं आठवडाभर बंद केलंय! वाचता येतं, बोलता येत नाही. सुईने ग्रुपवर लिहिलं: गेटमन, रागावू नका. शनिवारी चारला वाचनालयात सगळे भेटणार आहोत. नियमाप्रमाणे घरचं कुणीतरी सोबत आणा. मी हिरवी शाल घेऊन येईन. उत्तर द्यायला पंधरा वेळा बटण दाबलं. मोबाइलच भिकार.

१९ जून
संकल्प: जायचं नाही. उघड सापळा आहे. शर्टाला इस्त्री केली, कपाटात जागा नव्हती म्हणून. दुसरं बटण स्वतः लावलं. तीनदा टोचलं. पांढरा दोरा सापडला नाही, काळा वापरला. लेक सोबत येते म्हणाली. सांगितलं, पहारा एकट्याने द्यायचा असतो.

२० जून, सायंकाळी ६.४५
पाळत ठेवायला तीनलाच गेलो. दाराशी टेबल. एक बाई टोपणनाव विचारून आत सोडत होत्या. अनोळखी बाईला मी नाव सांगू? दाराबाहेर उभा राहिलो, हात मागे बांधून. लोक येऊ लागले. मी दार उघडत गेलो, हाताला सवय. एकाने छत्री माझ्याकडे दिली. एकाने विचारलं, वॉचमन, बाथरूम कुठे आहे? वॉचमन! शिवी जिभेच्या टोकाशी आली होती. पण बाथरूम माहीत होतं, सांगितलं.

चारला हिरवी शाल आली, सुनेबरोबर. दार धरलं. थँक्यू म्हणाली. आतून हसण्याचे आवाज येत होते. तिच्या शेजारची एक खुर्ची शेवटपर्यंत रिकामी. मूर्खांना खुर्च्या मोजून मांडता येत नाहीत.

साडेपाचला ती बाहेर आली. विचारलं, गेटमन म्हणून कुणी आत आले का हो? मी म्हणालो, नाही. तिने माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाली, दोरा चुकलाय, पण टाका पक्का आहे. आणि गेली.

मी खोटं बोललो नाही. गेटमन आत गेलाच नव्हता. चौतीस वर्षांत इतका चोख पहारा दिला नव्हता.