इद्दतीचं घर

तंजावूर, ११ ऑक्टोबर १९९४

अब्बा, अस्सलामु अलैकुम.

माझ्या तारेत मावलं नाही ते, आणि त्यानंतरचं, असं:
१. शनिवारी तिरुवैयारुच्या रस्त्यावर मुनीरच्या स्कूटरला बस धडकली.
२. ते जागीच गेले. दफन त्याच संध्याकाळी झालं.
३. मला न्यायला येताय, ही तुमची तार काल मिळाली.

मी ठीक आहे. घरमालकीण जयलक्ष्मीबाई रसम-भात पुढे ठेवून म्हणतात, "आधी जेव गं, मग तुझे नियम सांग."

नियमांचा क्रम तुम्हीच शिकवलात: आधी कुराण, मग हदीस, मग विद्वानांचं एकमत म्हणजे इज्मा, शेवटी तुलनेने काढलेला निष्कर्ष, कियास. पती गेल्यावर बायकोने चार महिने दहा दिवस थांबायचं, ही इद्दत कुराणात आहे. ती पतीच्या घरीच काढावी, हे हदीसमध्ये. दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला जायला इथल्या इमामसाहेबांची हरकत नाही. "विधवेला पोसतो कोण?" म्हणाले. माहेरी नेणं हा आपल्या श्रीवर्धनचा रिवाज आहे. तो या चारांत नाही.

म्हणून मी येत नाही. तुम्हीही निघू नका.

रात्री मात्र याच घरात काढायच्या आहेत. त्या कशा काढायच्या, हे मला चारांपैकी कशातच सापडलं नाही.

अम्मीचा गुडघा कसा आहे? प्रवास झेपत असेल तर तिला पाठवा. २२ तारखेपर्यंत कळवा.

तुमची,
तहसीन