कॅसेटमधली घूं घूं

अण्णा, ज्या कॅसेटच्या डबीवर तुम्ही लाल शाईनं 'खराब' लिहून ठेवलं होतं, ती काल दुपारी तुमच्या नातवानं मला ऐकवली. कॅसेट म्हणजे आता कॅसेट राहिलेली नाही. त्यानं तुमच्या सगळ्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या, त्यांच्या फाइली केल्या. ही शेवटची उतरली आणि तिची फीत तुटली, म्हणजे आता जे काही आहे ते त्या फाइलीतच. शेंद्र्याच्या कंपनीतून आला की तो याच उद्योगात असतो. माझ्या बैठकीच्या खोलीत त्यानं छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर उभे केलेत, मध्ये दगडासारखा जड ॲम्प्लिफायर, आणि फाइलीतल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी एक डबी. पाहुण्यांना बसायला जागा राहिली नाही. मी रोज बोलते. धूळ मलाच पुसावी लागते.

छावणीतल्या घरात तुमचं रेकॉर्डिंग म्हणजे सगळ्या घराला शिक्षा असायची. रेडिओसमोर स्टूल, स्टुलावर घडी केलेला टॉवेल, टॉवेलवर माइक. सकाळचं गाणं लागायच्या आधी आई स्टोची हवा सोडते, अर्धा शिजलेला भात उतरवते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हात मांडीवर ठेवून बसते. माझी नेमणूक बाहेरच्या पायरीवर. भाजीवाला दिसला की मी तोंडावर बोट ठेवते. शेजारच्या खाला एकदा भिंतीवरून डोकावून विचारतात, "क्यों गे बेटी, तेरे बावा रेडियो का फोटू निकालरे क्या?" मी त्यांनाही गप्प करते. गाणं संपलं की तुम्ही मला आत बोलवायचात आणि विचारायचात, "कोणता राग?" दाराआडून जेवढं ऐकू आलं तेवढ्यावर मी उत्तर द्यायची, आणि चुकले की पुढच्या वेळी कान उघडे ठेव म्हणायचात. आईला तुम्ही कधी विचारलं नाहीत. एकदा ती आपण होऊन म्हणाली, "आज लई गोड होतं." तुम्ही म्हणालात, "तुला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली, "व्हय, मला नाय कळत. भात कच्चा राहिला तेवढा कळतो," आणि स्टोला पंप मारायला बसली.

मग ही कॅसेट. आलापाच्या मागं घूं घूं आवाज येत होता, आणि तबला सुरू झाला की तो बुडून जायचा. तुम्ही टेपरेकॉर्डर गुलमंडीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलात. तो म्हणाला, "साब, मशीन में कुछ नै है." तुमचा विश्वास बसला नाही. तुम्ही दुसऱ्याकडे नेलात. त्यालाही काही सापडलं नाही. शेवटी तुम्ही डबीवर ते एका शब्दाचं निकालपत्र लिहिलंत आणि कॅसेट मागच्या रांगेत टाकलीत.

काल पोरानं मला खुर्चीत बसवलं. "आई, मधोमध बस. पाठ टेकव. बोलू नकोस." तुमचाच नातू. आधी त्यानं एक नवं रेकॉर्डिंग लावलं. अण्णा, दोन स्पीकरच्या मध्ये, जिथं नुसती भिंत आहे तिथं, एक बाई गात उभी होती. तिनं ओठ विलग केले तेही कळलं. मी उठून भिंतीपाशी गेले. तो हसला, पण मला हसू येईना. मग तो म्हणाला, "आजोबांच्या या फाइलीत मागं घूं आहे, लॅपटॉपवर ऐकलं मी. काढून टाकतो, एका बटणाचं काम आहे."

"आधी आहे तसं लाव."

"अगं, खराब आहे ते. त्यांनीच लिहिलंय."

"मी ऐकायला बसलेय ना? लाव."

आधी खोली आली. गाण्याच्याही आधी आपली ती खोली, तिच्या पत्र्यासकट. मग रेडिओचा आवाज, लहानसा, चौकोनी. अगदी जवळ तुमचा श्वास, नाकातून येणारा, तपकिरीनं जड झालेला. आणि या सगळ्याच्या मागं, लांब, ती घूं घूं. ती यंत्राची नव्हती. ती श्वास घ्यायला थांबत होती. तोंड मिटून कुणीतरी गात होतं. गवई ज्या सुरावर यायचा, त्याच्या किंचित आधी ती तिथं जाऊन थांबलेली असायची. तुम्ही कचेरीतून यायच्या वेळी आई आधीच दारात उभी असायची, अगदी तशी. एकदाही ती चुकीच्या दारात उभी राहिली नाही. गाणं संपलं, एक बारीक खोकला आला, बांगड्या वाजल्या, आणि तिथूनच, उंबऱ्यावरून, "झालं का हो?" मग तुम्ही बटण दाबल्याचा खटका.

पोरगा माझ्याकडे बघत होता. त्यानं आजीला पाहिलेलं नाही. त्याचं बोट अजून त्या बटणावर होतं. मी म्हटलं, "हात लावू नको. यातलं काही काढायचं नाही." त्यानं विचारलं, "कोण आहे ते?" मी म्हटलं, "माझी आई. परत लाव."

ती हे कुठं शिकली, मला माहीत नाही. वैजापूरकडच्या तिच्या माहेरी आता विचारावं असं कुणी उरलेलं नाही. एवढी वर्षं ती आपल्या पाठीमागं, चार हातांवर बसून गात होती. तुम्ही रेडिओकडे तोंड करून बसलेले, मी रस्त्याकडे.

हा कागद मी त्या डबीतच घडी करून ठेवते आहे. 'खराब' खोडलेलं नाही, तुमचं अक्षर आहे. आज सकाळपासून मी ती फाइल पुन्हा पुन्हा ऐकते आहे. स्टो नाही, पण गॅस बंद केला आणि दाराची बेलही काढून ठेवली. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न विचारला असतात, कोणता राग? अण्णा, मला सांगता येणार नाही. गवयाकडे माझं अजून लक्षच गेलेलं नाही.