त्रेचाळीस नावांचं ध्रुवपद

२ नोव्हेंबर २००८, पहाटे साडेपाच

आवाजाने जाग आली. आत्ताचा आवाज नव्हे, बत्तीस वर्षांपूर्वीचा. सेलूची शाळा, दहावी ब, हजेरी. इतक्या जणांचे इतक्या सुरांतले ‘हजर’. आणि अगदी शेवटी, पट मिटता मिटता, व्हरांड्यातून धप् धप् धप् धावत येणारी पावलं आणि धापा टाकत ‘आलो गुरुजीऽऽ!’

कोणाचा तो आवाज, आठवेना. बहुधा हिरालालचा. असा गोड सूर हुशार मुलाचाच असणार.

संकल्प: २६ जानेवारी, दुपारी चार वाजता सगळ्या वर्गाला सिंदी मेघेच्या माझ्या घराच्या अंगणात बोलवायचं. हजेरी एकदा मोठ्याने घ्यायची. तो शेवटचा आवाज पुन्हा कानावर पडला की झालं, मग काही मागणं नाही. पट माझ्याकडेच आहे. (शाळेला परत करायचा राहून गेला. करीन.)

सकाळी नऊ

स्वयंपाक करणाऱ्या शकुंतलाबाईंना बेत सांगितला. बाई म्हणाल्या, काऊन बोलावता जी? भेटले तं मान खाली घालून निघून जातात पोट्टे. मी म्हणालो, तो आदर आहे.

४ नोव्हेंबर

नात आचल नागपुराहून दिवाळीच्या सुटीत आली आहे. इंजिनीअरिंगला आहे. तिचा जुना कॉम्प्युटर तिने मला देऊन टाकला. म्हणाली, आबा, त्रेचाळीस पत्रं हातानं काय लिहिता, पायथन शिका. ही कॉम्प्युटरची एक भाषा आहे. मी म्हणालो, शिकलो असं समज. सदतीस वर्षं वृत्तं शिकवली, एका भाषेला काय घाबरायचं!

५ नोव्हेंबर

पहिला धडा. आचल म्हणाली, प्रोग्राम अक्षर अक्षर वाचू नका, पॅटर्न ओळखा. नवशिक्यांचे प्रोग्राम चार-पाच साच्यांतच असतात: मोजायचं, जमवायचं, नको ते गाळायचं, सगळ्यात मोठं शोधायचं, नाहीतर यादीतल्या प्रत्येकासाठी एकच काम करायचं. यादीतून एकेक करून जायचं, त्याला लूप म्हणतात.

मी म्हणालो, बाळ, यालाच आम्ही वृत्त म्हणतो. ती म्हणाली, बरं.

मला वाटतं माझी झेप पाहून ती जरा दबकली.

७ नोव्हेंबर

‘सगळ्यात मोठं शोधायचं’ हा साचा आज उमगला. पहिला हाती धरायचा, पुढचा त्याहून मोठा निघाला तर हातातला सोडून तो धरायचा, असं शेवटपर्यंत. तंद्रीतच शकुंतलाबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, असंच तं वांगं निवडतो आम्ही बजारात. आणि गाळायचा साचा म्हणजे? तांदूळ निवडणं. मग यात काय शिकून राह्यले तुमी दोन दिवसांपासून?

त्यांना अमूर्त विचार झेपत नाही.

तरी पटातले सहामाही परीक्षेचे गुण भरून प्रोग्राम चालवला. सर्वाधिक: हिरालाल, ५१२. तोच मेळाव्याचा अध्यक्ष. (हे आठवत होतंच. पण यंत्राने सांगितलं की वजन येतं.)

१० नोव्हेंबर

आचल गेली. जाताना वहीत लिहून गेली: ‘आबा, जे काम प्रत्येकासाठी करायचं ती ओळ लूपच्या आत. आत म्हणजे उजवीकडे सरकवलेली. विसरू नका.’ खाली दोन रेघा. माझ्यासारख्याला दोन रेघा!

दुपारी टंकायला बसलो. भारनियमन. दोन तासांचं काम गेलं.

उद्यापासून पहाटे चारला उठायचं.

११ नोव्हेंबर, सकाळी आठ

आत्ताच उठलो. थंडी आहे.

२३ नोव्हेंबर

पत्ते जमवले. चाळीस सापडले, दोन अंदाजाने. नावं इंग्रजी अक्षरांत टंकावी लागतात. मायबोलीची मनातल्या मनात क्षमा मागितली.

शेवटचं नाव, क्रमांक ४३: जंगलू मडावी. उशिरा दाखल झाला म्हणून पटातही शेवटी. बोरच्या जंगलाकडून सहा मैल पायी यायचा. जितका हजर, तितकाच गैरहजर. कविता म्हणायला उभा केला की खिडकीबाहेर बघायचा. हा काही येत नाही. पत्ता म्हणून नुसतं गाव घातलं. यादी अपुरी नको, एवढंच.

१४ डिसेंबर

प्रोग्राम जवळजवळ झाला. पत्राचा मजकूरही उतरला. माथ्यावर ज्याचा त्याचा पत्ता, ‘प्रिय’नंतर ज्याचं त्याचं नाव, आणि शेवटी: ‘तू आला नाहीस तर माझी हजेरी अपुरी राहील.’ लिहिताना डोळे भरून आले. मोतीबिंदूमुळेही असेल.

२१ डिसेंबर

आज कवी जागा झाला!

लूपमध्ये दोन ओळी आहेत. एक मोजणीची, दुसरी पत्र लिहिण्याची. आचलने वहीत दोन्ही आत सरकवून दाखवल्या आहेत. पण कवितेच्या पुस्तकात आत काय सरकवतात? कडव्याच्या ओळी. ध्रुवपद समासाला लागून, मानाने उभं असतं. पत्राची ओळ हे या प्रोग्रामचं ध्रुवपद. तिला कडव्यात कोंबणं हा अरसिकपणा. पोरीचं वय लहान, शिवाय सायन्स साइड.

ती ओळ ओढून समासाला आणली. मोजणीची ओळ आतच ठेवली, तिची तेवढीच पायरी.

प्रोग्राम चालवला. एकही चूक दाखवली नाही. स्क्रीनवर आलं: ४३. एकूण त्रेचाळीस! कॉम्प्युटरलाही ध्रुवपद कळतं.

५ जानेवारी २००९

सेवाग्रामला डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा. वाचन बंद. ही रोजनिशी अंदाजाने लिहितो आहे, ओळी एकमेकींवर चढत असतील तर चढोत.

८ जानेवारी

पत्रांची फाइल चौकातल्या ओमप्रकाशकडे नेली. छपाई, घडी, तिकीट, पोस्ट, सगळं तोच करतो. फाइल उघडून म्हणाला, गुरुजी, एकच पन्ना है. मी म्हणालो, प्रेमही एकच आहे. त्रेचाळीस प्रती काढ.

तो म्हणाला, पर गुरुजी, नाम तो...

मी हात दाखवून थांबवला. सदतीस वर्षं या हाताने वर्ग थांबवले आहेत. म्हणालो, नावाचं सगळं प्रोग्रामने बघितलं आहे, तू शाई बघ. तो म्हणाला, जैसा आप बोलो.

९ जानेवारी

पत्रं पडली. उत्तराची अपेक्षा नाही. (पोस्टमन आज आला नाही.)

१९ जानेवारी

एकही उत्तर नाही. सगळे येणार याचीच ही खूण. न येणारा माणूस कळवतो.

शकुंतलाबाईंना त्रेचाळीस जणांचे तर्री पोहे सांगितले. म्हणाल्या, पन्नासाचे करतो, पोट्टे वाढले असतीन आता.

२५ जानेवारी

पंचेचाळीस खुर्च्या आल्या. भाषणाची तालीम केली, आरशासमोर. आवाज अजून पोचतो. आचल आली आहे. प्रोग्राम दाखवू का म्हणाली. मी म्हणालो, उद्या सगळ्यांसमोर दाखवीन.

२६ जानेवारी, दुपारी साडेचार

कोणी नाही. एस्टी उशिरा असेल.

पाच

कोणी नाही. तर्रीवर साय धरली.

सव्वापाच

राहवेना. सेलूला हिरालालच्या दुकानात फोन लावला. म्हणाला, कोणती चिठ्ठी गुरुजी? मले तं नाई आली. आली असती तं आलो असतो जी. विचारलं, तूच ना रे तो शेवटी धावत यायचा? हसला. म्हणे, मी कायले धावतो गुरुजी, आमचं घर शाळेच्या समोर होतं! घंटेच्या आंधी बसून राहायचो.

पावणेसहा

आचलने प्रोग्राम उघडला. आधी हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली. हळूच म्हणाली, आबा, ही ओळ बाहेर कोणी आणली?

मी ध्रुवपदाचं सांगितलं.

म्हणाली, मोजणी आत होती, म्हणून त्रेचाळीस वेळा झाली. पत्राची ओळ लूपच्या बाहेर, म्हणून ती लूप संपल्यावर एकदाच चालली. आणि तेव्हा हातात राहिलं होतं ते शेवटचं नाव. एकच पत्र झालं, आबा. त्याच्या तुम्ही त्रेचाळीस प्रती काढल्या.

कोणाच्या नावाने, ते विचारायची गरज नव्हती. पटातलं शेवटचं नाव मला पाठ आहे.

शकुंतलाबाईंनी न मागता माझ्यापुढे चहा ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हे जास्त लागलं.

संकल्प: कॉम्प्युटर परत देणे. पट शाळेला परत करणे. हजेरीचं वेड सोडणे.

सव्वासहा

खुर्च्या घरात आणून एकात एक घालत होतो. व्हरांड्यात पावलं. धप् धप् धप्.

‘आलो गुरुजीऽऽ!’

दारात पन्नाशीचा काळासावळा माणूस. धापा टाकत. चपला हातात, काखेत सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. जंगलू.

उशीर झाला जी, म्हणाला. एस्टी हुकली, फाट्यापासून पायी आलो. खरं सांगू गुरुजी? एका चिठ्ठीनं नसतो आलो. म्हणलं, मले कोण बोलावते, चुकून आली असन. पण त्रेचाळीस! पोस्टमन हात जोडून म्हणे, जाय बापा एकदाचा, मह्या झोळीत जागा नाई राह्यली. म्हणलं, लय आठवण करून राह्यले गुरुजी. बाकीचे गेले काय जी? मीच लेट?

आचलने तोंड उघडलं. मी हात दाखवून थांबवलं.

शकुंतलाबाई पोहे गरम करायला आत गेल्या. त्याला पहिल्या खुर्चीवर बसवलं. पट उघडला. आज हजेरी शेवटून सुरू केली.