गीताबाई वॉटर सप्लायर्सचं कनेक्शन

१ एप्रिल २०१६, शुक्रवार

पाणी विभागाचं पत्र आलं. आधी वाटलं, कुणीतरी एप्रिल फूल करतंय. शिक्का नीट बघितला. खरं निघालं.

मजकूर असा: टँकरवाल्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवरची फेऱ्यांची यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडायची. कुठला टँकर कुठल्या गल्लीत किती वाजता रिकामा झाला, ते साहेबाला बसल्या जागी दिसलं पाहिजे. सोळा तारखेला सकाळी अकरापर्यंत जो जोडणार नाही, त्याच्या फेऱ्या दुसऱ्याला. म्हणजे माझं अख्खं पुंडलिकनगर त्या टँकरवाल्या काकासाहेबाच्या घशात.

सोबत एक सीडी, दोन पानी माहिती. सीडीत ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्राम आहे. माझी यादी एका प्रोग्राममधे, ऑफिसची दुसऱ्या. हा मधे बसून याचं त्याला आणि त्याचं याला सांगणार. दलालच म्हणायचा. दलाल मी लई पाहिले.

फर्म कागदावर गीताबाईच्या नावावर आहे. ठेका निघाला तेव्हा महिलांना प्राधान्य होतं, म्हणून बायकोचं नाव टाकलं. आमच्या लाइनीत सगळेच टाकतात. कागद म्हणजे कागद. सह्या मीच करतो. तिची सही तिच्यापेक्षा मला चांगली जमते.

अजिंठ्याहून क्लीनर म्हणून आलो, आज दारात तीन टँकर. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगतो. असले कान या शहरात दुसऱ्या कुणाला नाहीत. हे काम दोन तासांचं. ठराव: कुणाचीही मदत घ्यायची नाही.

२ एप्रिल, शनिवार. सकाळी ७

सुरुवात.

७.४०. सीडीचा ट्रे उघडत नाही. हाताने, चमच्याने, शेवटी साडीच्या पिनेने उघडला.

९.१५. ड्रायव्हर बसला. माहितीपत्रकाप्रमाणे सेटिंगची खिडकी उघडून ऑफिसच्या नावाची नोंद पण केली. ‘सक्सेसफुल’ आलं. दोन तास म्हणालो होतो, सव्वादोन लागले. ट्रे धरून.

९.२०. आपल्या यादीत जाऊन ‘जोडा’ दाबलं. उत्तर: अशी नोंद सापडली नाही, ड्रायव्हरही सापडला नाही. पाच मिनिटांपूर्वी याच नालायकाने बसला म्हणून सांगितलं होतं! तोंडावर इतकं खोटं तर आमचा बिरू पण बोलत नाही, आणि तो वीस वर्षं टँकर चालवतोय.

९.२२. लाईट गेली. बरंच झालं, नाहीतर मॉनिटर फुटला असता.

गीताबाई म्हणाली, अहो, माझ्या मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आलाय, बघता का. म्हटलं, रिचार्जची जाहिरात असंल, काढून टाक. काढला नाही. ही साधी कॅरीबॅग कधी टाकत नाही.

४ एप्रिल, सोमवार

हेल्पलाइनला फोन. चाळीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एकजण म्हणाला, सर, तुमचा कॉम्प्युटर चौसष्ट बिटचा, यादीचा प्रोग्राम जुना, बत्तीस बिटचा. म्हणून सेटिंगच्या खिडक्या दोन आहेत. तुम्ही नव्या खिडकीत नोंद केली, प्रोग्राम जुन्या खिडकीत शोधतोय. जुना ड्रायव्हर पण सीडीवरच आहे, तो बसवा.

म्हटलं, कॉम्प्युटर एक, मालक एक, खिडक्या दोन कशाला? म्हणाला, सर, असंच असतं.

‘असंच असतं’ हे उत्तर मी गल्लीतल्या बायकांना रोज देतो. त्यात काही दम नसतो हे मला पक्कं ठाऊक आहे. फोन ठेवला.

५ एप्रिल, मंगळवार

उस्मानपुऱ्यात चहाला थांबलो. तीन टेबलं सोडून काकासाहेब बसला होता, पाठमोरा. पण माझे कान. सांगत होता की त्याचं कनेक्शन सुनेने अर्ध्या दिवसात जोडलं. मग म्हणाला, सर्जेराव अजून सीडी उलटी का सुलटी तेच बघत आसंल. चारजण हसले. मोजले.

जाताना मुद्दाम त्याच्या टेबलाजवळून गेलो. म्हणाला, क्या सेठ, हो गया काम? म्हटलं, कधीच झालं. चहा अर्धा टाकून आलो.

ठराव: उद्याच्या उद्या जोडायचं.

७ एप्रिल, गुरुवार

काल बिरूच्या टँकरचा क्लच गेला, त्यात दिवस गेला. आज अमावस्या. अमावस्येला नवी गाडीसुद्धा कुणी दारात आणत नाही, मग हे तर सरकारी काम. मी अंधश्रद्धा मानत नाही. मशीनला विश्रांती लागते. उद्या पाडवा, साडेतीन मुहूर्तातला एक. आठवडाभर रखडलं ते यासाठीच असणार.

८ एप्रिल, पाडवा

मॉनिटरला हार, कीबोर्डला हळदकुंकू. कुंकू ‘एस’च्या बटणात शिरलं, आता ते दाबून ठेवावं लागतं.

जुनी खिडकी सापडली! जुना ड्रायव्हर बसवला. यादीत त्याचं नाव झळकलं. हेल्पलाइनवाल्याने सांगितलं होतं तसंच निघालं, पण मी ते आधीच ओळखलं होतं.

आता युजरनेम मागितलं. टाकलं: सर्जेराव. पासवर्ड टाकला: पहिल्या टँकरचा नंबर. उत्तर: या युजरला प्रवेश नाही.

सणाच्या दिवशी, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, मला प्रवेश नाही. जेवण गेलं नाही. श्रीखंड खाल्लं, ते वेगळं.

गीताबाई ताट उचलताना म्हणाली, नाव दुसरं आसंल का हो? माझ्या मोबाईलवर पुन्हा तसलाच मेसेज आलाय. म्हटलं, माझं नाव दुसरं कसं असंल? अठरा वर्षं संसार करून हा प्रश्न.

९ एप्रिल, शनिवार

हेल्पलाइन. तोच माणूस. म्हणाला, सर, प्रोप्रायटरचं युजरनेम टाका. म्हटलं, तेच टाकतोय. म्हणाला, फॉर्मवर काय नाव आहे? म्हटलं, फॉर्म काय बघता, पुंडलिकनगरात कुणालाही विचारा मालक कोण ते. म्हणाला, सर, डेटाबेस पुंडलिकनगरात विचारत नाही. मग बासरी.

असल्या उर्मट माणसाला फोनवर कोण बसवतं?

११ एप्रिल, सोमवार

नाइलाजाने सुकेशनी मॅडमच्या क्लासला गेलो. उस्मानपुऱ्यात तिचा कॉम्प्युटर क्लास, अर्ध्या शहराला तिने टायपिंग शिकवलंय. गेल्या उन्हाळ्यात तिच्या गल्लीचा टँकर मी दोनदा दुसरीकडं वळवला होता, तेव्हापासून बोलणं नव्हतं. मदत मागायला गेलो नव्हतो. सहज गेलो होतो.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, काका, कॉम्प्युटर माणसाचं तोंड बघून नाव देत नाही, फॉर्म बघून देतो. फॉर्म कुणाचा आहे? म्हटलं, माझाच. सही कुणाची? म्हटलं, सही पण मीच केलेली. नाव कुणाचं टाकून? म्हटलं, ते सोडा. तर क्लासमधल्या बारा बायका टायपिंग थांबवून हसल्या. सुकेशनी म्हणाली, काका, तुम्ही घरी जा आणि काकूंना माझ्याकडं पाठवा.

गीताबाईला कशाला? तिला माउस कशाशी खातात ते माहीत नाही. दहावी आहे, माझ्याहून तीन इयत्ता जास्त, पण ते जुनं झालं.

निष्कर्ष: सुकेशनी काकासाहेबाला मिळालेली आहे. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

१३ एप्रिल, बुधवार

तीन दिवस राहिले. आज चिकाटी.

सर्जेराव. नाही. सर्जेरावशेठ. नाही. पत्र्यावर रंगवलेलं टँकरचं नाव टाकलं. नाही. वडिलांचं. कुलदैवताचं. बिरूचं. काकासाहेबाचंही टाकून पाहिलं. तेही घेतलं नाही. जरा बरं वाटलं.

एकूण अकरा नावं झाली. ओळखीतली सगळी संपली. बाराव्या वेळी पुन्हा सर्जेराव टाकलं, तर पडद्यावर आलं: फर्मचं खातं चोवीस तासांसाठी लॉक.

दुपारी गल्लीतल्या बायका गीताबाईकडं आल्या. मी आतल्या खोलीत, पण कान उघडे. मुक्ताबाईचा आवाज सगळ्यात मोठा. सोळापासून काकासाहेबाचा टँकर येणार व्हय? तो तर मेनरोडवरच नळी सोडून निघून जातो, म्हाताऱ्या माणसानं चार घागरी किती लांब न्यायच्या? आणि तुमच्या दारातले ड्रम तेवढे बारा महिने भरलेले, आमचा नंबर आठव्या दिवशी, त्याचं बी बोला.  

मग गीताबाईने आत येऊन विचारलं, लॉक म्हणजे काय? मोबाईलवर आलंय, तुमच्या खात्यात कुणीतरी घुसायला बघतंय म्हणून. म्हटलं, तुझं कुठलं खातं? डाळ लागतीय ती बघ आधी.

डाळ लागली नव्हती. शिजायलाच ठेवली नव्हती अजून.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंतीची सुट्टी. ऑफिस बंद, हेल्पलाइन बंद, क्लास बंद. गीताबाई दुपारी सुकेशनीच्या घरी जयंतीचं जेवायला गेली. यांची ओळख कधी झाली? विचारलं तर म्हणाली, टँकर वळवला होता ना तुम्ही, तेव्हा भांडायला आली होती, तुम्ही नव्हता, मीच चहा दिला.

तीन तासांनी आली. हातात वही. कसली वही, विचारलं नाही. बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही.

१५ एप्रिल, शुक्रवार

रामनवमी. पुन्हा सुट्टी. हे सरकार काम करतं कधी?

नवा डाव आखला. उद्या दहा वाजता थेट ऑफिसात. माणूस माणसाशी बोलला की सगळं जुळतं. तीस वर्षांत एकही टेबल असं नाही की ज्याच्यापलीकडच्या माणसाला मी दोन शब्दांत हसवलं नाही. कॉम्प्युटरला काय कळतंय?

गीताबाई म्हणाली, उद्या तुम्ही बाहेर जाणार ना? नक्की ना? किती वाजता? माझी एवढी काळजी तिने कित्येक वर्षांत केली नव्हती.

१६ एप्रिल, शनिवार. दुपारी १

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढं कुणी वाकडं सांगायला नको.

१०.२०. ऑफिस. टेबलावर एक मॅडम. हसून नमस्कार केला, उन्हाचा विषय काढला. म्हणाल्या, काम? म्हटलं, गीताबाई वॉटर सप्लायर्स, जरा दोन दिवस वाढवून द्या. म्हणाल्या, प्रोप्रायटर आल्यात का? म्हटलं, मी आलोय ना. म्हणाल्या, तुम्ही कोण? म्हटलं, मिस्टर. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, मिस्टरांचा कॉलम नाही.

१०.३५. घरी फोन. उचलत नाही. पुन्हा. बिझी.

१०.४५. बाकावर शेजारी काकासाहेब. माझ्या फेऱ्यांची यादी न्यायला पिशवी घेऊन आलेला.  नुसता पिशवीची घडी उलगडत होता.

१०.५२. मॅडमच्या पडद्यावर आमची ओळ लाल होती, ती हिरवी झाली. मग भराभर फेऱ्या उमटायला लागल्या. पुंडलिकनगर, गल्ली एक, गल्ली दोन, गल्ली तीन. मी उभाच राहिलो. मॅडम म्हणाल्या, अरे वा, झालं की हो जोडून, मिसेस हुशार दिसतात तुमच्या. मग सहज विचारावं तसं: आणि तुम्ही काय काम करता?

काकासाहेबाने पिशवीची घडी परत घातली. सावकाश.

घरी आलो. गीताबाई खुर्चीत. माझ्या. खांद्याने मोबाईल कानाशी दाबलेला, पलीकडून सुकेशनी. समोर वही उघडी: मेसेजमधलं युजरनेम, मेसेजमधला पासवर्ड, सुवाच्य अक्षरात. युजरनेम तिचंच होतं. एका बोटाने टाइप केलं म्हणे. पासवर्डमधे ‘एस’ होता, तिथं जरा वेळ लागला.

म्हटलं, खरं अवघड काम ड्रायव्हर बसवायचं होतं, ते मी केलेलं आहे. म्हणाली, व्हय, सुकेशनी पण तेच म्हणाली, काकांनी तेवढं बरोबर केलंय.

फेऱ्या वाचल्या. जिंकलो.

१८ एप्रिल, सोमवार

यादी आता तिच्या नावाने उघडते. माझ्यासाठी वेगळं युजरनेम काढलं, मागितलं नव्हतं तरी. सर्जेराव. अखेर कॉम्प्युटरने मला ओळखलं. सगळ्या फेऱ्या दिसतात.

बिरू हल्ली सकाळी फोन तिला करतो. वहिनी, पहिली गाडी कुठं लावू? मी शेजारी बसलेला असताना.

१९ एप्रिल, मंगळवार

तिने नंबर लावले. गल्लीच्या टोकापासून, घरामागं घर, ओळीने. मुक्ताबाई पहिली आली ती टोकाला राहते म्हणून. आपलं घर एकतीस. रविवार, सकाळी सात. ड्रममधे तळाला वीतभर पाणी आहे.

ही चूक तिच्या लक्षात आली नसणार. उद्या मी दुरुस्त करतो.

२० एप्रिल, बुधवार. सकाळी ९

एकतीसचं एक करायला गेलो. उत्तर: तुम्हाला फक्त पाहण्याची परवानगी आहे.

पाच वेळा केलं. पाच वेळा तेच.

गीताबाई टँकर भरायच्या ठिकाणी गेलेली, बिरूबरोबर, केबिनमधे बसून. फोन केला. मागं मोटरचा आवाज, बायकांचा आवाज, कुणीतरी जोरात हसतंय. म्हटलं, घरच्याच माणसाला एकतीस नंबर? म्हणाली, अहो, यादीत आहात ना तुम्ही? मग येणारच की टँकर. ड्रम धुऊन ठेवा.

धुवायला पाणी नाही हे सांगायला परत लावला. बिझी.

ड्रम कोरड्या फडक्याने पुसून दारात ओळीने मांडले. ठराव: रविवारी सहापासूनच दारात बसायचं. बिरू हॉर्न वाजवून थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. मीच त्याला तसं शिकवलं होतं.