मी ‘नवरा’ म्हणाले

२० नोव्हेंबर १९७४, बुधवार

हो म्हणून बसले!

मधल्या सुट्टीत विज्ञान मंडळाचे यशवंतराव शाळेत माझ्या वर्गाच्या दारात आले. मंडळाची दर महिन्याला भाषणं असतात — मंगळ, साप, दात — मी एकही चुकवत नाही. म्हणून आधी माझ्याकडेच. "पुण्याहून डॉक्टरीणबाई येणारेत. पेठेतल्या कन्नड बायका येतात हो, पण मराठी भाषण डोक्यावरून जातं. दाक्षायणीबाई, तुम्ही बाईंच्या मागोमाग कन्नडमध्ये सांगाल का?"

व्यासपीठावर! मी! विषय विचारायच्या आधीच हो म्हणाले. मग त्यांनी विषय सांगितला — मूल का होत नाही.

लग्नाला अकरा वर्षं झालेल्या बाईला. त्यांना माहीत नसणार. असतं तर विचारलं नसतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

शेजारच्या काशम्माच्या नातीचं बारसं. मला पाळण्यापासून लांब, पानसुपारीच्या तबकापाशी बसवलं. कुणी काही बोललं नाही, नुसतं बसवलं. पोरगी रडायला लागली तेव्हा माझे हात आपोआप पुढं झाले. मग पानं पुसत राहिले. पुसलेलीच परत पुसली.

घरी येताना अत्ती — सासूबाई — म्हणाल्या, वैरागची माणसं येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतील. ह्यांच्यासाठी त्यांची महादेवी ठरवायला. एकोणीस वर्षांची आहे. दुसरी बायको करायला कायदा नाही म्हणतो — पण बघायला कोण येतं?

ह्यांना विचारलं. सायकलच्या दुकानाच्या किल्ल्या शोधत होते. "आईची इच्छा हाय," एवढंच.

२४ नोव्हेंबर, रविवार

सात रस्त्याजवळचं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत अत्ती! काशम्मा घेऊन आली. मी बोलणार हे अत्तींना ठाऊक होतं, विषय नव्हता. मीच सांगितला नव्हता.

सुरुवातीला अडखळले. मग जमलं. बाई छान बोलतात, मोठी चित्रं लावली होती, आडपडदा नाही. बाई मराठीत, मी कन्नडमध्ये. मला आवडायला लागलं! आणि मग त्या म्हणाल्या — "आपण सगळा दोष बाईला देतो. कितीतरी वेळा तो पुरुषात असतो. आधी पुरुषाची तपासणी करावी, ती सोपी."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. बाई म्हणाल्या होत्या पुरुष. माझ्या तोंडून गेलं ‘गंड’ — नवरा. दोष नवऱ्यात असू शकतो, नवऱ्याला आधी तपासा.

मागं कुणीतरी हसलं. अत्तींकडे बघायचं धाडस झालं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

अत्ती बोलत नाहीत. मी वाढलेलं जेवतात मात्र.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मी भाकरी थापत होते. अत्ती चुलीपाशी येऊन बसल्या. "इन्नोम्मे हेळ," म्हणाल्या. पुन्हा एकदा सांग.

सांगितलं. सगळं. बाईंनी दाखवलेलं चित्र पिठात बोटानं काढून दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, मग हातानं पुसलं. "त्याला विचार. वैरागची माणसं यायच्या आत."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींनाही कळलं नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

विचारलं नाही. एवढ्या वर्षांत ह्यांनी कधी आवाज चढवला नाही माझ्यावर. लोक टोमणे मारायचे तेव्हा उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, माझ्यासाठी वाईट वाटतं ह्यांना.

आज वर्गात पहिलीतली एक पोर मांडीवर येऊन झोपली. घंटा झाली तरी उठवली नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी गच्चीवर विचारलं. "मिरजेला जाऊन तपासून घेता का एकदा?"

हे कठड्याकडे तोंड करून म्हणाले, "घेतलंय की."

"कधी?"

"तीन वर्षं झाली. सामान आणायला गेलो होतो तवा."

"मग?"

"मूल होणार न्हाय मला."

तीन वर्षं! त्या तीन वर्षांत मी सोमवार केले, गुरुवार केले, कुणी दिलेल्या मुळ्या उगाळून प्यायले. रात्र रात्र उलट्या झाल्या. हेच तांब्या धरून बसायचे.

"सांगितलं का नाहीत?"

"रोज सांगणार होतो."

"आणि महादेवी? तिला का आणताय?"

"आईला काय सांगू?" मग अगदी हळू — "तू बी कुणाला बोलू नको. पाया पडतो."

पाया पडायला खरंच वाकले. मी पाय मागं घेतले.

मला मूल हवं आहे. अजूनही. तेवढंच हवं आहे. पण आता डोळ्यांपुढं ती एकोणीस वर्षांची पोर येते — पाळण्यापासून लांब, तबकापाशी बसवलेली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

वैरागच्या एसटीत लिहिते आहे. अक्षर हलतंय.

सकाळी अत्तींना सांगितलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. आत गेल्या. मी एकटीच निघाले, तर दारात चपला घालून उभ्या! आता शेजारी बसल्यात.

"मुलगा माझा," म्हणाल्या. "पोरीच्या आईला मी सांगणार."