दुरुस्तीचं टेबल आणि माझं एक बटण

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे सध्या उभ्याउभ्याच घातला असं समज.) तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचे भांडखोर भाडेकरू हे तिन्ही आता जरा शांत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक, म्हणजे जेवतो-खातो, कामावर जातो. फक्त आईचं बिनसलंय. गेले काही दिवस ती पुन्हा गप्प झालीय, कोणाला टाकूनही बोललेली नाही, यावरून काय ते ओळख. आणि त्याला कारण मी आहे. सगळं सविस्तर लिहितो, पण काकांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, ते हसतील.

आमच्या वस्तीच्या सभागृहात अधूनमधून एक जेवण असतं. जेवण म्हणजे सूप आणि पाव, त्यापुढे अपेक्षा ठेवायची नाही. दारात पैसे भरले की ताट आणि एक बटण मिळतं. (शर्टाचं. खरोखरचं.) आपण जेवत असताना तिघंजण उठून चार-चार मिनिटांत वस्तीसाठी काय करायचंय ते सांगतात, आणि ज्याचं पटेल त्याच्या डब्यात आपण बटण टाकायचं. ज्याची बटणं जास्त, त्याच्या कामाला त्या दिवसाचा सगळा गल्ला. कोपऱ्यावरच्या बागेतले झोपाळे असेच आले.

तर या खेपेला आईने नाव दिलं. बाबा गेल्यापासून जी बाई दूधवाल्याशीसुद्धा मानेनेच बोलत होती, तिने! तिला सभागृहात एक टेबल हवं होतं, वर शिलाई मशीन, सुया-दोरे, आणि आठवड्यातली एक दुपार. लोकांनी फाटकं-उसवलेलं घेऊन यायचं आणि हिने शिवायला शिकवायचं. भाषण तिने फ्रिजसमोर उभं राहून पाठ केलं. फ्रिज मध्येच गुरगुरला की म्हणायची, "हो हो, येतेय त्याच्याकडे." किती दिवसांनी घरात तिचा आवाज ऐकला म्हणून सांगू! मी आणि तुझी सूनबाई दाराआड उभं राहून ऐकायचो.

सूप करायचं काम माझ्याकडे होतं. माणसं वाढत गेली तसं मी पाणी वाढवत गेलो. शेवटच्या टेबलाला जे मिळालं त्याला सूप म्हणणं हा त्या लोकांचा चांगुलपणा. आधी एक निवृत्त मास्तर उठले. त्यांना पक्ष्यांसाठी पाणवठे हवे होते, पण पक्ष्यांवरच इतकं लांबलं की पाण्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. मग एक बसचालक उठला. सभागृहाच्या उंच पायऱ्यांना कठडा पाहिजे, म्हातारी माणसं पडतात, एवढं बोलून बिचारा घामाघूम होऊन खाली बसला. आणि मग आई. माइक हातात घेतला आणि पाठ केलेलं सगळं विसरली! माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तेवढ्यात तिची नजर सभागृहाच्या सेक्रेटरींच्या कोटाच्या उसवलेल्या खिशावर गेली. "इकडे या बघू," म्हणाली, सुई-दोरा काढला, आणि त्यांच्या अंगावरच खिसा शिवता शिवता बोलत सुटली. लोक हसले, टाळ्या वाजल्या, पुढची माणसं खुर्च्या ओढून बघायला आली. मावशी, मला वाटलं, झालं, मारली बाजी आईने.

इथे माझं नशीब आणि माझी अक्कल दोन्ही एकदम फिरली. नियमाप्रमाणे सूपवाल्याने बटण सगळ्यांच्या शेवटी टाकायचं. तुला ठाऊकच आहे, मी कुरिअरच्या काउंटरला असतो. पार्सल हातात घेतलं की काट्याआधी वजन सांगतो, त्याबद्दल ऑफिसात मला मान आहे. (साहेब सोडून.) तेव्हा कोणी बघत नाही असं पाहून मी तिन्ही डबे एकेक करून उचलले. आईचा चांगला जड लागला. चालकाचा अगदी फुलासारखा. मला इतकं वाईट वाटलं त्याचं! आई तर जिंकलीच आहे, निदान याची फार शोभा नको, म्हणून माझं बटण त्याच्या डब्यात टाकलं आणि स्वतःच्या मनाच्या मोठेपणावर खूश होत भांडी घासायला गेलो.

डबे ज्याचे त्याने घरून आणायचे असतात. चालकाचा होता प्लास्टिकचा. आईने आणला होता आपला जुना बिस्किटांचा, जाड पत्र्याचा, रिकामाच अर्धा किलो भरेल असा. आई एका बटणाने हरली.

घरी येऊन तिने सुया पुडीत बांधून कपाटात वर टाकल्या. रागावली असती, चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. कठडा झालासुद्धा. आई त्याला धरून उतरते आणि म्हणते, "चांगला केलाय हो." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुझा भाचा
(वजनाचा अंदाज बंद केलेला)

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. हरलेलं काम पुन्हा मांडता येतं, पण बोलणारं माणूस दुसरं लागतं. मावशी, तू येशील का? तुला बोलायला चारच मिनिटं मिळतील हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल आधीच माफी मागतो. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि माझं बटण कुठे गेलं तेही नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, तेवढ्यात आईने पत्र वाचलं. सगळं. म्हणाली, "अरे, मीही माझं बटण त्या चालकालाच दिलं. स्वतःच्या डब्यात स्वतः कसं टाकायचं, लाज वाटली मला." मग पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "तुझे बाबा असते ना, तर त्यांनी माझ्याच डब्यात टाकलं असतं. डबा न उचलता."